खंडेनवमीला अडकलेलं हूड

हूड अर्ध्यावर आलं आणि तिथेच उभं राहिलं. मी स्विच सोडला, पुन्हा दाबला. मागून येणारी पंपाची घरघर बंद पडली होती. गाडी कासारवाडीच्या पुढे, मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला वडाखाली थांबवलेली. देहूच्या अंगाला आभाळ काळं होत चाललेलं. आणि गाडीत छातीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलेली एक मुलगी फळीवर उताणी पडून वर बघत होती.

तिचे वडील तिच्या उशाशी बसले होते. म्हणाले, "मिस्त्री, काय झालं?"

"काही नाही आबा. जरा अडकलंय."

मेकॅनिकच्या तोंडून 'काही नाही' आलं की समजावं, बरंच काही झालेलं आहे.

ज्यांनी असली गाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी हूड म्हणजे काय ते सांगतो. ही उघड्या टपाची अमेरिकन गाडी. हिचं छप्पर पत्र्याचं नसतं. लोखंडी कमानींवर ताणलेलं जाड कॅनव्हास असतं, आणि हवं तेव्हा ते घडी करून मागच्या सीटच्या पाठीमागे एका खोलगट जागेत बसवता येतं. त्याला हूड म्हणतात. लहान गाड्यांचं हूड हाताने उघडायचं, छत्रीसारखं. हिचं बटणावर चालायचं. डिकीत एक छोटी विजेची मोटर, तिला जोडलेला पंप, पंपातून निघालेल्या नळ्या आणि दोन्ही बाजूंना एकेक दट्ट्या. पंप तेल ढकलतो, तेल दट्ट्याला ढकलतं, दट्ट्या हूड उचलतो. चिंचवडला गाडी उभी करून मी हूड वर घेतलं की भाजी घेणारी माणसं भाजी सोडून बघत राहायची, आणि मीही कारण नसताना ते दोनदा वरखाली करायचो.

पण मोटर बंद पडली की तेल नळीत जागच्या जागी अडकतं. मग हूड वर जात नाही आणि खालीही येत नाही. चार माणसं लोंबकळली तरी हलत नाही.

यावर उपाय सोपा आहे. डिकीत हात घालून पंपाच्या नळीचा नट अर्धा आटा सैल करायचा. तेलाला वाट मिळते आणि हूड हाताने उचलता येतं. त्या नटाला बसणारा पाना गाडीबरोबरच आलेला होता. तो एका कॅनव्हासच्या गुंडाळीत, डिकीच्या डाव्या कोपऱ्यात असायचा. दोन मिनिटांचं काम.

मी डिकी उघडली. कोपरा रिकामा होता.

आणि मग ती गुंडाळी कुठे आहे ते मला आठवलं. चिंचवडला, आमच्या गॅरेजात, झेंडूच्या फुलांखाली.

त्या दिवशी खंडेनवमी होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे हत्यारांची पूजा होते हे सांगायला नको. शेतकरी नांगर-कोयता पुजतो, न्हावी वस्तरा पुजतो, आम्ही पाने आणि हातोड्या. आमचे मालक गणपतराव चिंचवड गावठाणातले. त्यांच्या गॅरेजचा शिरस्ता असा की आदल्या दिवशी सगळी हत्यारं रॉकेलने धुवायची, पाटावर मांडायची आणि पूजा झाली की दसऱ्याच्या दुपारपर्यंत एकालाही हात लावायचा नाही. हत्यारांनाही एक दिवस सुट्टी. मला हे फार आवडायचं. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, कराडकडून येऊन दोनच वर्षं झाली होती, आणि कुठलंही काम आवडलं की मी ते गरजेपेक्षा जास्त करायचो. मालक म्हणाले, सगळी हत्यारं पूजेला ठेव. मी आवारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांच्या गाड्यांमधलीही ठेवली. डॉक्टरांची गाडी पूजेसाठी अशी काही धुतली की हूडच्या खोलगट जागेतही बादलीने पाणी ओतलं. त्या जागेला तळाशी भोकं असतात, पाणी निचरून जायला. ती अधूनमधून काडी घालून मोकळी करावी लागतात. मी केली नव्हती. वरच्या कडुनिंबाच्या पाल्याने ती बुजली होती, पाणी रात्रभर तुंबलं आणि झिरपत मोटरमध्ये गेलं. एकाच पूजेपायी मी मोटरही घालवली होती आणि पानाही.

गाडी डॉक्टर सबनीसांची. ते पिंपरीच्या एका कारखान्याचे डॉक्टर. परदेशी परत जाणाऱ्या एका इंजिनिअरकडून त्यांनी ती घेतली होती. कारखान्यातून सुटले की ते आसपासच्या गावांतले पेशंट बघायचे. तळवड्याची सरू त्यातलीच. वय एकोणीस. खुब्याच्या सांध्याला क्षय झालेला. पुण्याच्या दवाखान्यात दहा महिने प्लास्टरमध्ये पडून होती. आणखी चार महिने प्लास्टर राहायचं होतं, पण ते घरी राहिलं तरी चालणार होतं. प्रश्न होता घरी न्यायचं कसं. कंबरेत वाकता येत नाही, पाय दुमडत नाही. कुठल्याही मोटारीच्या दारातून ती आत जाईना. बैलगाडीत हिसके बसणार. तेव्हा डॉक्टरांनी आपली गाडी पुढे केली. हूड उघडायचं, ड्रायव्हरशेजारच्या सीटची पाठ पाडून तिथून मागच्या सीटपर्यंत फळी टाकायची आणि पोरीला वरून, आभाळातून ठेवल्यासारखी, अलगद उतरवायची.

डॉक्टरांना कारखान्यातून निघता येत नव्हतं. त्यांनी मला बजावलं होतं.

"वसंत, ताशी पंधरा मैलांच्या वर जायचं नाही. तिच्या पोटातलं पाणी हलता कामा नये. आणि घरी मी येईपर्यंत तिला कोणी उचलायचं नाही. उचलण्याची एक रीत असते, चुकली तर सांधा हलेल."

"आणि पाऊस आला तर?"

"तुझं हूड आहे ना? प्लास्टर भिजलं तर त्याचा चिखल होतो. मग दहा महिने पहिल्यापासून."

एवढं मला पक्कं कळलं होतं. तरीही दवाखान्यातून निघालो तेव्हा मी हूड उघडंच ठेवलं. ऊन स्वच्छ होतं, आणि सरूने विचारलं होतं, "उघडंच ऱ्हाऊ द्याल का थोडा येळ?"

त्या प्रवासाबद्दल काय सांगू? मी पुढे चाळीस वर्षं गाड्या चालवल्या आणि दुरुस्त केल्या, पण तसा रस्ता पुन्हा भेटला नाही. बॉनेटवर सकाळच्या पूजेचा हार होता, त्याच्या पाकळ्या एकेक करून उडून मागे जात होत्या. दापोडीच्या पुलावर नदीचा गार वारा आला. पलीकडे वडांची रांग सुरू झाली. मागून सरूचं बोलणं ऐकू येत होतं. ती कोणाशी बोलत नव्हती. जे दिसेल ते नुसतं म्हणत होती.

"पारंब्या. अजून पारंब्या. घार. आबा, घार बघा, पंखबी हलवंना."

"मिस्त्रीभाऊ," ती मध्येच म्हणाली, "बसून बघितलं की झाडं मागं पळत्यात. पडून बघितलं की अंगावर येत्यात आन् डोक्यामागं बुडत्यात."

मी म्हटलं, "ताई, मी कधी पडून बघितलं नाही. मला गाडी चालवावी लागते."

ती हसली. मग म्हणाली, "त्या वार्डाच्या छताला एक डाग हुता. आदी त्यो बैल वाटायचा. मग बैलगाडी झाली. मग नुसता डाग ऱ्हायला. दहा म्हैने."

मला पंधरा मैलही जास्त वाटायला लागले. मी बारावर आणली. खरं सांगायचं तर मला ते तळवडं यायलाच नको होतं. त्या रस्त्यावर त्या दिवशी आम्ही कुठेच पोचत नव्हतो आणि कोणाची काही तक्रार नव्हती. डोक्यावर एवढं मोठं आभाळ असताना मेकॅनिकने डिकीत पाना आहे की नाही हे बघायला हवं होतं, हे मला वडाखाली थांबल्यावर कळलं.

आता हूड सरळ उभं होतं, डोक्यावर नाही आणि मागेही नाही. अशा हूडने वेगात गेलं तर वारा भरून कॅनव्हास फाटतो, कमानी वाकतात. मी पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालतो त्या वेगाने, गाडी चिंचवडकडे काढली. रस्त्यावरची माणसं बघत होती. या वेळी मला ते आवडलं नाही.

सरू म्हणाली, "येऊ दे की पाऊस. थोडा."

"गप," आबा म्हणाले. त्यांनी आपली घोंगडी तिच्यावर पांघरली आणि कडा फळीखाली खोचल्या.

गॅरेजच्या दारात मालक बाकावर बसून प्रसादाचं खोबरं खात होते. आम्हाला बघून उठले.

"ह्ये काय सोंग आनलंस?"

"पंप बंद पडलाय, मालक. पाना पाहिजे."

"आज?"

"गाडीतलाच पाना आहे. मी पूजेत ठेवला होता."

"गाडीतला पाना गाडीतनं काढलास?"

"सगळी हत्यारं ठेव म्हणाला होतात."

"गॅरेजची म्हनालो हुतो. गिऱ्हाइकाची न्हाई." त्यांनी खोबऱ्याचा उरलेला तुकडा तोंडात टाकला. "पन ठेवलास न्हवं? मंग आता त्यो देवाचा. उद्या दुपारी उठंल."

मी गाडी शेडमध्ये घालायला बघितली. उभं हूड दाराच्या तुळईला लागत होतं, चांगलं हातभर उंच. आवारातली ताडपत्री आणून मी खालून आणि आबांनी गाडीतूनच सरूवर धरली. वाऱ्याने ती एकदा फुगली आणि माझ्या हातातून सुटून कुंपणावर जाऊन पडली. पहिला थेंब बॉनेटवर पडला. मोठा, रुपयाएवढा.

मालकांचा हट्ट नुसता हट्ट नव्हता, हे इथे सांगितलं पाहिजे. त्यांच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. तरुणपणी मुंबईच्या एका वर्कशॉपमध्ये, अशाच खंडेनवमीला, एकच नट राहिलाय म्हणून त्यांनी पाना उचलला आणि गाडी जॅकवरून घसरली. माझ्या मूर्खपणाचं ओझं त्या पोरीच्या अंगावर पडणार होतं.

बोलले ते आबा. गाडीतून न उतरता, एक हात घोंगडीवर तसाच ठेवून.

"मालक, माजा नांगरबी आज पूजेत हाय. तुमी म्हंता ते मला ठावं हाय. मी आसतो तर मीबी उचलला नसता. पर ह्या पलिस्तरात दहा म्हैने हायेत."

मालकांनी आभाळाकडे बघितलं. मग घोंगडीकडे. मग वहाणा काढल्या आणि आत गेले. मी मागोमाग गेलो. पाटावर सगळी हत्यारं मांडलेली, हळदकुंकवाची बोटं ओढलेली. त्यांनी हात जोडले, झेंडू बाजूला सारला आणि पाना उचलला. मी हात पुढे केला.

"मालक, द्या. मी करतो."

"तू हात लावायचा न्हाईस."

"तुमच्या हाताला आधीच..."

"म्हनूनच. माजी बोटं आदीच गेल्यात. आता देव माज्याकडनं आनकी काय घेनार? तू जा, हूड धर."

ते डिकीत कंबरेपर्यंत आत शिरले. मी एका बाजूला उभा राहिलो आणि आबा उतरून दुसऱ्या बाजूला. तीन बोटांनी पाना धरणं सोपं नसतं. दोनदा तो निसटल्याचा आवाज आला, दोनदा मालकांनी देवाचं नाव घेतलं आणि तिसऱ्यांदा भलतंच काहीतरी घेतलं. मग ते ओरडले, "सुटला! उचला!"

तेलाची धार त्यांच्या मनगटावरून वाहत होती. हे तेल रंगावर पडलं तर रंग खातं, लगेच पुसावं लागतं, पण त्या क्षणी रंगाची कोणाला पडली होती? आम्ही दोघांनी कमान धरली. जड असते, पण तेल सुटल्यावर ती हळूहळू, जांभई दिल्यासारखी पुढे येते. काचेच्या वरच्या पट्टीवर तिला टेकवलं, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या ओढल्या, काचा वर घेतल्या. आबा आणि मी आत शिरलो आणि दारं लावली. त्यानंतर जो पाऊस आला तो मला अजून ऐकू येतो. कॅनव्हासवर ताशा वाजवल्यासारखा.

मी मागे वळून फळीवरून हात फिरवला. प्लास्टर कोरडं होतं. घोंगडीच्या कडेला चार थेंब, बस्स. आबांनी डोळे मिटून घेतले होते. मला इतकं बरं वाटलं की मी एकटाच हसत सुटलो.

सरू रडत होती.

मला वाटलं, सुटकेने रडते आहे. मग नीट बघितलं.

"ताई, दुखतंय का?"

"न्हाई."

"मग?"

ती वर बघत होती. तिच्या तोंडावर हातभर अंतरावर कॅनव्हासचं तपकिरी अस्तर होतं आणि त्याला एक शिवण होती.

"परत छतच आलं," ती म्हणाली.

आम्ही तिघं त्या पावसात, त्या बंद गाडीत, बसून राहिलो.

परतीचा पाऊस फार वेळ टिकत नाही. अर्ध्या तासात उघडला. आम्ही तळवड्याच्या वाटेला लागलो. रस्ता कच्चा, दोन्ही बाजूंना ज्वारी, आणि ढगांच्या कडेखालून पिवळं ऊन आलेलं. एका उंचवट्यावर मी गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं.

आता एक नियम सांगतो. हूडच्या देखभालीत दहा गोष्टी असतात. कापड मऊ ब्रशने कोरडंच झाडायचं, पेट्रोलने पुसायचं नाही, बिजागऱ्यांना महिन्यातून एकदा थेंबभर तेल द्यायचं, असं बरंच काही. पण सगळ्यात मोठा नियम एकच. ओलं हूड घडी करायचं नाही. घडीत पाणी राहतं, बुरशी धरते, काळे डाग पडतात आणि ते डाग मग कापडाबरोबरच जातात. ओलं हूड दिवसभर उन्हात ताणून सुकवायचं आणि मगच घडी करायचं. मी हे प्रत्येक ड्रायव्हरला सांगत आलो आहे.

मी खिट्ट्या सोडल्या.

आबांना कळलं. "मिस्त्री, डाक्टर रागावत्याल."

"रागावू देत. ती बाजू धरा."

आम्ही दोघांनी ओलं, जड हूड हातांनी मागे नेलं आणि घडी घातली. पाणी माझ्या बाहीतून कोपरापर्यंत गेलं. मी पुन्हा स्टिअरिंगवर बसलो. मागे वळून बघितलं नाही, धीर झाला नाही. वर आभाळ इतकं धुतलेलं होतं की त्याला एकही डाग नव्हता. मी गाडी हळू काढली. तळवडं येईपर्यंत सरू एक अक्षर बोलली नाही.

संध्याकाळी डॉक्टर आले. चार माणसांना रीत दाखवून त्यांनी तिला उचलून घरात नेलं, बोटाच्या पेराने सगळीकडे प्लास्टर वाजवून बघितलं आणि म्हणाले, "कोरडं आहे." चार महिन्यांनी ते प्लास्टर कापलं. सरू चालायला लागली. एक पाय इंचभर आखूड राहिला, म्हणून थोडी लंगडायची, पण पाडव्यानंतर रानात जायला लागली असं आबांनी सांगितलं. मालकांना पावसात भिजून तीन दिवस ताप आला. तो पान्यामुळेच आला असं ते शेवटपर्यंत म्हणत होते, आणि पुढच्या खंडेनवमीपासून गिऱ्हाइकांच्या गाड्यांतली हत्यारं गाडीतच, डिकीतच, कुंकू लावून पुजायची असा त्यांनी हुकूम काढला.

पंधरवड्याने डॉक्टरांनी मला बोलावलं. हूड ताणलेलं होतं. घडीच्या रेषेवर काळ्या ठिपक्यांची एक लांब माळ होती.

"वसंत, हे ओलं घडी केलं होतंस?"

"हो."

"तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

त्यांनी ठिपक्यांच्या माळेवरून बोट फिरवलं. "का केलंस?"

"तिला आभाळ बघायचं होतं."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "नळीत तेल भरलंस का?" मी म्हटलं, भरलं. "मग झालं." ती गाडी त्यांच्याकडे पुढे सात वर्षं होती. कॅनव्हास बदलून देतो असं मी दोनदा म्हणालो, दोन्ही वेळा ते कामात होते.

तर वाचकांसाठी एवढंच. हूड वर घेताना गाडी थांबलेली असावी. पाण्याची भोकं मोकळी असावीत. पाना गाडीत असावा, देवापुढे नाही. ओलं हूड घडी करू नये. केलंच तर डाग पडतात, आणि डाग पडले तर गाडीच्या मालकाला खरं सांगावं. त्या दिवसातून शिकण्यासारखं याहून जास्त मला काही सापडलेलं नाही, आणि मी पुष्कळ शोधलं आहे.